पाटकऱ्याची लेक

रुचिरा लग्न करून चेन्नईत आली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की सासूचं मराठी आपल्याला जेमतेम निम्मं कळतं. अन्नपूर्णाबाई मूळच्या तंजावरच्या. त्यांचं घराणं तिकडे तीनशे वर्षं मुरलेलं. "मज ठाव नाहीं," "कोठें गेली होतीस गे?" असं त्या बोलत, आणि दोन वाक्यांच्या मध्ये एखादा तमिळ 'सरि' नाहीतर 'अय्यो' ठेवून देत. सांगलीहून इतिहासात एम. ए. करून आलेल्या रुचिराला वाटे, एखादी जुनी बखरच पदर खोचून वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये इडलीचं पीठ वाटते आहे. नवरा, तुळजाजी, अंबत्तूरला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात होता. तो आईशी अर्धं तमिळ बोले, बायकोशी अर्धं इंग्रजी. दिवसभर घरात मराठी बोलायला या दोघीच, आणि बोलता बोलता त्या एकमेकींना आवडायला लागल्या.

अन्नपूर्णाबाई कीर्तन करत. विद्या वडिलांची. हातात चिपळ्या, मागे मृदंग आणि पेटी. चेन्नईतली तंजावरी मराठी घरं त्यांना रामनवमीला बोलवत, कुणाच्या साठीशांतीला बोलवत. पूर्वरंगात त्या काहीही निरूपण करोत, उत्तररंगात लोकांना एकच आख्यान हवं असे: गोजराबाईचं.

तंजावरापासून काही कोसांवर एक मोठं तळं आहे. एका वर्षी पावसानं कहर केला. बांध कोसळायला आला, कारण डागडुजीचं द्रव्य राजाच्या दिवाणानं गिळलं होतं. खाली गावंच्या गावं झोपलेली. तेव्हा एका मराठा सरदाराची नवी सून, गोजराबाई, घोड्यावरून बांधावर आली. अंगावरचे दागिने तिनं तळ्याला वाहिले आणि खिंडार पडलं होतं तिथं स्वतः उतरून उभी राहिली. "माती लोटा गा," म्हणाली. लोकांनी रडत रडत माती लोटली. बांध तगला.

"माती लोटा गा" हे पद अन्नपूर्णाबाई अगदी खालच्या सुरात उचलत. मृदंग थांबे. बायका पदर डोळ्यांना लावत, आणि बँकेतून निवृत्त झालेले साहेबलोकही चष्मे पुसत. रुचिरानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तीही रडली. मग तिला उमगलं, की ही नुसती गोष्ट नाही. या मुलखात आम्ही परके नाही, आमची एक लेक इथल्या मातीत आहे, एवढा आधार या माणसांना त्या आख्यानानं दिला होता.

अड्यारच्या एका संशोधन संस्थेत तिला तात्पुरती नोकरी लागली. जुनी ताडपत्रं, शिलालेखांचे ठसे, काचेची कपाटं आणि फार थोडी माणसं. विषय कोणता घेणार, असं विचारल्यावर तिनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "गोजराबाई."

दोन वर्षं तिनं कागद चाळले. गोजराबाई कुठंच नव्हती. सरदारांच्या याद्या होत्या, दानपत्रं होती, दिवाणांच्या चोऱ्यासुद्धा होत्या, पण बांधावर उतरलेली सून नव्हती. "सांपडेल गे," अन्नपूर्णाबाई म्हणत. "बायकांचें कोण लिहितो?"

दोन हजार चारचा उन्हाळा आला. चेन्नईत गल्लोगल्ली पाण्याच्या टँकरमागे रंगीत घागरींच्या रांगा लागल्या होत्या. तंजावरकडचं ते तळंही तळापर्यंत आटल्याचं कळलं, तसे संस्थेतले म्हातारे शिलालेखतज्ज्ञ नारायणस्वामी रुचिराला म्हणाले, "आत्ताच जाऊ या. तिथल्या मोरीच्या दगडावर अक्षरं आहेत असं माझे गुरू सांगायचे. पाण्याखाली असतात म्हणून कुणी वाचलेली नाहीत."

अन्नपूर्णाबाई हट्टानं बरोबर निघाल्या. जन्मभर जिची गोष्ट सांगितली तिचं ठिकाण त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

तळ्याचा तळ भेगाळलेला होता. शेतांना पाणी सोडायची दगडी मोरी उघडी पडली होती आणि तिच्या उभ्या खांबावर, शेवाळ वाळून गेलं होतं तिथं, खरोखरच लेख होता. नारायणस्वामींनी दगड घासला, ओला कागद चिकटवला, शाई थोपटली. मग झाडाखाली बसून ते हळूहळू वाचू लागले, आणि रुचिरासाठी इंग्रजीत सांगू लागले.

लेख मराठे या भागात यायच्या चारशे वर्षं आधीचा होता. बांध पुन्हा पुन्हा फुटत होता. तेव्हा गावसभेनं ठरवून चात्तन नावाच्या पाटकऱ्याची, म्हणजे तळ्याचं पाणी सोडणाऱ्या गावकामगाराची, मुलगी बांधाला दिली. बांध टिकला. म्हणून रक्ताबद्दल चात्तनच्या कुळाला चंद्रसूर्य असेपर्यंत करमुक्त जमीन.

"मुलीचं नाव?" रुचिरानं विचारलं.

"नाव नाही," नारायणस्वामी म्हणाले. "जमिनीच्या चारही सीमा मात्र नीट लिहिल्या आहेत."

संध्याकाळी गावकुसाबाहेरच्या, दक्षिणेकडच्या वस्तीतल्या बायका तळ्याच्या कोरड्या तळात जमल्या. पाऊस पडेना की त्या तिथं बसून शोकगीत म्हणत, छाती बडवत. रुचिराला तमिळ अजून फारसं येत नव्हतं. तिला फक्त चाल कळली, आणि ती ओळखीची होती. "माती लोटा गा"ची तीच खालची सुरुवात, तोच मध्येच तुटणारा सूर. तिनं सासूकडे पाहिलं. अन्नपूर्णाबाई उभ्याच होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

"काय म्हणतायत त्या, अम्मा?"

अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "आई, पायसम देतें म्हणून बोलाविलेंस, आणि खड्ड्यांत कां उतरविलेंस? माती डोळ्यांत जाते, आई. त्यांस थांबा म्हण."

परतीच्या गाडीत रुचिराला आनंद लपवता येत नव्हता. तिच्या डोक्यात लेखाची मांडणी सुरू झाली होती. मराठे आले, त्यांनी इथली कथा उचलली, पाटकऱ्याची पोर सरदाराची सून झाली, बळी दिलेली मुलगी स्वतःहून उतरलेली झाली, तिला घोडा मिळाला, दागिने मिळाले, नाव मिळालं. असं सलग, इतकं लख्ख हाती लागणं एखाद्या संशोधकाच्या आयुष्यात एकदाच घडतं.

अन्नपूर्णाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. तांबरम स्टेशन गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुज पुरतें ठाव आहे? तीच ही पोर?"

"अम्मा, शंभर टक्के. तळं तेच, बांध तोच, चाल तीच. आणखी काय हवं?"

"मग तें पोर रडत होतें गे," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "आणि आम्हीं तिला घोड्यावर बसविलें."

पुढचे कित्येक महिने त्यांनी गोजराबाईचं आख्यान लावलं नाही. कुणी मागितलं तर घसा बसलाय म्हणत. दुपारी पेटी काढून गुणगुणत, थांबत, पुन्हा सुरू करत. एकदा रुचिरा घरी आली तर त्या पुटपुटत होत्या, "नांव काय ठेवूं? नांव ठेवलें तर पुन्हा खोटें. नकोच." रुचिराला तेव्हा सासूचा अभिमान वाटला. संस्थेत तिनं नारायणस्वामींना सांगितलंही, की आमच्या घरी संशोधन थेट कीर्तनात चाललं आहे.

रामनवमीला मांबलम स्टेशनजवळचं सभागृह गच्च भरलं होतं. समाजाचे अध्यक्ष त्र्यंबकराव पहिल्या रांगेत होते. लोखंडाच्या व्यापारात त्यांचं बस्तान होतं, आणि तळ्याच्या काठी गोजराबाईचा अश्वारूढ पुतळा उभारायचा त्यांनी घाट घातला होता. उत्तररंगाला अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "आज बांधाची गोष्ट. मी आजवर चुकीची सांगितली. चूक माझी नाहीं, पण तोंड माझें होतें. आज जशी जाहली तशी सांगतें."

आणि त्यांनी सांगितली. गावसभा बसली. कुणाची पोर द्यायची? देवळाजवळच्या घरांकडे कुणी बोट दाखवलं नाही. बोटं फिरत फिरत दक्षिणेच्या वस्तीकडे गेली. चात्तन हात जोडून उभा राहिला. अन्नपूर्णाबाईंनी त्या मुलीचं सोंग आणलं नाही; त्या फक्त साध्या आवाजात, चिपळ्या खाली ठेवून म्हणाल्या, "माती डोळ्यांत जाते, आई." रुचिरा त्यांचं कीर्तन कितीदा ऐकत आली होती, पण इतकं सुंदर तिनं त्यांच्याकडूनही ऐकलं नव्हतं.

 मग मागून एक जण उठला. "गोजराबाई कोठें?"

"गोजराबाई नाहीं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "हीच ती."

"पाटकऱ्याची पोर? वस्तीतली?"

"होय."

गलका झाला. कुणी म्हणालं म्हातारीला भ्रम झालाय, कुणी म्हणालं सुनेनं शिकवलंय. कुणीतरी मायक्रोफोन बंद केला. अन्नपूर्णाबाई तशाच, उघड्या आवाजात शेवटापर्यंत गेल्या. त्यांनी आरती म्हटली तेव्हा समोर रिकाम्या खुर्च्या होत्या आणि प्रसादाचं सुंडल, हरभऱ्याची उसळ, पातेल्यात तसंच होतं. मृदंगवाल्यानं वाद्याला गवसणी घातली आणि निरोप न घेता तो निघून गेला.

त्यानंतर घरचा फोन वाजायला लागला. उचललं की पलीकडून शिव्या, कधी तमिळमध्ये, कधी जुन्या मराठीत, कधी थेट पुण्या-मुंबईकडच्या मराठीत. ठरलेली कीर्तनं एकेक करून रद्द झाली. महिनाभरानं त्र्यंबकराव स्वतः घरी आले. कॉफी घेतली, आणलेलं फळांचं तबक पुढे सरकवून ठेवलं आणि म्हणाले, "अक्का, आम्ही अडाणी. तुमची सून पंडिता. रविवारीं सभा आहे. तिनें येऊन सांगावें, सिद्ध जाहलें कीं नाहीं. ती जें म्हणेल तें आम्हांस मान्य."

"सांगेल की," अन्नपूर्णाबाई लगेच म्हणाल्या. त्यांचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला होता.

गुरुवारी रुचिराला संस्थेच्या संचालिका विजयलक्ष्मी यांनी बोलावून घेतलं. त्या फार सौम्यपणे बोलल्या. "तुझं काम उत्तम आहे. पण आपल्याकडे ताडपत्रं आहेत, काचेची कपाटं आहेत. दुसरीकडे संस्थांची तोडफोड कशी झाली ते तू वाचतेसच. आणि तुला कायम करायचा प्रस्ताव पुढच्या महिन्यात विश्वस्तांपुढे आहे. त्र्यंबकरावांचे व्याही विश्वस्तांत आहेत, हे तुला माहीत असेल." मग म्हणाल्या, "तुला खोटं बोलायला कोणी सांगत नाही. संशोधकानं जपून बोलावं, एवढंच."

घरी तुळजाजीही तेच म्हणाला, वेगळ्या शब्दांत. "अम्माचं काय, तिची कीर्तनं आज ना उद्या थांबायचीच होती. तुझी सगळी वर्षं पुढे आहेत."

रविवारी अन्नपूर्णाबाई जरीकाठी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. रुचिरा व्यासपीठावर गेली. हातात टिपणं होती, त्यांची तिला गरज पडली नाही. ती सावकाश, स्पष्ट बोलली. मोरीवरच्या लेखात एका मुलीचा उल्लेख आहे. तिचं नाव नाही. ही मुलगी आणि गोजराबाई एकच, असं आज निर्विवादपणे म्हणता येत नाही. मौखिक परंपरेचं स्वतःचं असं सत्य असतं, त्याचाही आदर व्हायला हवा. अधिक संशोधनाची गरज आहे.

"म्हणजे," त्र्यंबकरावांनी बसल्या जागेवरून विचारलं, "गोजराबाई जाहल्याच नाहींत, असें सिद्ध नाहीं?"

रुचिराला समोर सासूचा चेहरा दिसत होता. ती म्हणाली, "नाही. तसं सिद्ध नाही."

टाळ्या पडल्या. कुणीतरी गोजराबाईचा जयजयकार केला. तिच्या बोलण्यातला एकही शब्द खोटा नव्हता. कुठल्याही परिसंवादात ती असंच बोलली असती, आणि लोकांनी तिच्या संयमाची तारीफ केली असती.

मग त्र्यंबकराव म्हणाले, की अक्कांनी चार शब्द बोलून विषय मिटवावा. अन्नपूर्णाबाई उठल्या. व्यासपीठावर गेल्या नाहीत, जागेवरच वळल्या.

"माझी चूक जाहली," त्या म्हणाल्या. "मी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेविला."

लोकांना त्यात माफी ऐकू आली. ते खूश झाले. रुचिराला गाडीतलं आपलं 'शंभर टक्के' आठवलं. ती टिपणं चाळत राहिली, तिनं वर बघितलं नाही.

घरी आल्यावर भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं रुचिराला कित्येकदा वाटलं. तिनंच रात्री जेवताना विषय काढला. "अम्मा, मी खोटं काही बोलले नाही."

"नाहींस बोललीस," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या आणि तिच्या पानात रसम वाढलं.

"तिथं ती जागा नव्हती. लोक चिडले होते."

"होय. मजवर चिडले होते."

समाजानं त्यांना पुन्हा बोलावणी पाठवली. चूक कबूल केली ना, आता जुनं आख्यान लावा. त्यांनी पेटी एका भजनी मंडळाला देऊन टाकली आणि चिपळ्या देवघरात ठेवल्या. गोजराबाई सांगायची नाही, आणि पाटकऱ्याची लेकही सांगायची नाही. "एक खोटी आहे म्हणून सांगवत नाहीं," त्या तुळजाजीला म्हणाल्या, "आणि दुसरीला साक्षीदार नाहीं."

रुचिरा कायम झाली. पुढच्या वर्षी तळ्याच्या काठी पुतळा उभा राहिला. मोठं काम होतं. बांध रुंद केला, जुनी मोरी मोडून नवी लोखंडी दारं बसवली, आणि मोरीचे दगड चौथऱ्याच्या भरावात गेले. नारायणस्वामी धावत गेले तोवर वर काँक्रीट पडलं होतं. परत आल्यावर ते रुचिराला म्हणाले, "आता फक्त आपला कागदावरचा ठसा आहे. कपाटाला कुलूप लाव." त्यांनी रविवारच्या सभेबद्दल कधी विचारलं नव्हतं. दगड गाडले गेले त्या दिवसापासून मात्र ते तिच्या टेबलाशी कॉफी प्यायला थांबेनासे झाले. वस्तीतल्या बायकांना पुतळ्याच्या आवारात बसून रडायला मनाई करणारी पाटीही तिथं लागली आहे, असं त्यांनी जाता जाता सांगितलं.

दोन हजार सातच्या शेवटी रुचिराचा लेख परदेशातल्या एका मोठ्या नियतकालिकात इंग्रजीत छापून आला. तिकडून अभिनंदनाचे निरोप आले, एका विद्यापीठानं व्याख्यानाला बोलावलं. तुळजाजीनं आनंदानं अंक आईच्या हातात दिला. "अम्मा, पहिल्याच पानावर तुझे आभार मानलेत."

अन्नपूर्णाबाईंनी अंक उलटसुलट पाहिला. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. तो त्यांनी रुचिराकडे दिला. "वाच. आपल्या भाषेंत करून सांग."

रुचिरानं वाचायला सुरुवात केली. एक वाक्य इंग्रजीत बघायचं, मग मराठीत सांगायचं. तळं, मोरी, लेख, चात्तन. शोकगीताची चाल आणि पदाची चाल, दोन्हींचं स्वरलेखन शेजारीशेजारी. ती वाचत गेली आणि निष्कर्षापाशी आल्यावर तिचा आवाज मंदावला.

"थांबूं नकोस," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"'या पुराव्यानंतर,'" रुचिरानं वाचलं, "'गोजराबाई ही चात्तनच्या मुलीच्या कथेवर रचलेली व्यक्ती आहे, याविषयी शंकेला जागा उरत नाही. बळीची कथा बलिदानाची कथा झाली, आणि ज्यांनी तिला मारलं त्यांच्याच वर्गात तिला नेऊन बसवलं गेलं. एका निनावी मुलीवर झालेला हा दुसरा अन्याय होय.'"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. कुणी उठलं नाही.

"शंकेला जागा नाहीं," अन्नपूर्णाबाईंनी सावकाश म्हटलं. "हें कोण वाचणार?"

"तिकडचे अभ्यासक. इकडचेही, इंग्रजी वाचणारे."

"त्र्यंबकराव वाचेल?"

"नाही, अम्मा."

"त्या बायका वाचतील?"

 अन्नपूर्णाबाईंनी अंक रुचिराच्या हातातून घेतला, नीट मिटला, टीपॉयवर ठेवला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. आतून त्यांनी गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग त्यांनी हाक मारली.

"रुचिरा, साप्पिड वा."

जेवायला ये, एवढाच त्याचा अर्थ. आता रुचिराला तमिळ चांगलं येत होतं. तरी ती क्षणभर जागच्या जागी थांबली, कारण ही भाषा अन्नपूर्णाबाई दूधवाल्याशी बोलत, शेजारणींशी बोलत, खालच्या किराणा दुकानात बोलत. सुनेशी त्या कधी बोलल्या नव्हत्या.

तिला वाटलं, चुकून आलं असेल तोंडात. पण पानावर बसल्यावर भात हवा का ते त्यांनी तमिळमध्येच विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी दळणाचं, तिसऱ्या दिवशी विजेच्या बिलाचंही. आवाजात राग नव्हता. शेजारणीशी बोलावं तसं नीट, मोजकं, आदरानं. महिनाभर रुचिरा हट्टानं मराठीत उत्तरं देत राहिली. मग एका सकाळी कामावर निघायची घाई होती, अन्नपूर्णाबाईंनी किल्ली घेतलीस का म्हणून विचारलं, आणि रुचिराच्या तोंडून उत्तर तमिळमध्ये गेलं. अन्नपूर्णाबाईंनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.